रिमोट बंद पडल्यावरचे बारा दिवस

टीव्हीला लावलेल्या स्ट्रीमिंग स्टिकचा (इंटरनेटवरच्या मालिका टीव्हीवर दाखवणारं छोटं उपकरण) रिमोट बंद पडला, तेव्हा मी दोन-तीन रात्री फोनवर उपाय शोधत बसले होते. जिथे बघावं तिथे एकच: सेल बदला, नाही चालला तर नवीन रिमोट घ्या. या दोन्हींच्या मधलं काहीच हाती लागेना. आता रिमोट नीट चालतोय, म्हणून काय काय घडलं ते तारखेवार लिहून ठेवते. जे चुकलं तेही लिहिते, कारण त्यातलं बरंचसं इतरांचंही चुकत असणार.

एवढं मनावर घेण्याचं कारण आई. तिचं गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले होते. मी सकाळी निघाले की संध्याकाळी सातपर्यंत घरात ती आणि टीव्ही. उठून टीव्हीच्या मागे हात घालणं तिला शक्य नव्हतं. रिमोट बंद म्हणजे तिची अख्खी दुपार बंद.

मंगळवार, १० जून. घरी आले तर आई म्हणाली, "अगं, हे सारखं आपोआप पहिल्या पडद्यावर जातंय." खरंच जात होतं. चालू मालिका मधेच बंद होऊन होमचा पडदा यायचा. पंधरा मिनिटांनी तेही थांबलं आणि कुठलंच बटण चालेना. रिमोटच्या वरच्या टोकाचा बारीक दिवा मात्र भराभर लुकलुकत होता. सेल उतरले असतील, असं मी धरून चालले. त्या दिव्याकडे तेव्हाच नीट पाहिलं असतं तर पुढचे बरेच दिवस वाचले असते.

ट्रिपल ए आकाराचे दोन नवे अल्कलाइन सेल घातले. दोन्ही नवे, एकाच पाकिटातले. एक जुना एक नवा अशी जोडी लावू नये, जुना सेल नव्यालाही ओढतो आणि गळण्याची शक्यता वाढते. सेलच्या कप्प्यातल्या स्प्रिंगा तपासल्या, कुठे पांढरी पूड दिसली नाही. (दिसली तर ती सेल गळल्याची खूण. अल्कलाइन सेल असतील तर व्हिनेगरमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसून, कोरडं करून मग नवे सेल घालावेत.) मग स्टिकची वीज एक मिनिट बंद ठेवून पुन्हा चालू केली. काही फरक नाही. रात्री साडेअकराला टीव्ही बंद करून झोपलो.

बुधवार, ११ जून. सकाळी वाटलं, कारण सापडलं. आदल्या रविवारीच घरातला राउटर बदलला होता, नवं नाव, नवा पासवर्ड. आईच्या मालिका डाउनलोड करून ठेवलेल्या असल्यामुळे स्टिक नव्या वायफायला जोडायची राहूनच गेली होती. रिमोट त्यामुळेच बंद पडला, अशी माझी खात्री झाली.

ही समजूत चुकीची होती, आणि ती बऱ्याच जणांची असते म्हणून जरा थांबून सांगते. साधा टीव्हीचा रिमोट इन्फ्रारेडवर चालतो. त्याच्या टोकाला एक छोटा एलईडी असतो, त्यातून आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश निघतो, आणि समोर अडथळा नसेल तरच तो टीव्हीपर्यंत पोचतो. स्टिकचे बहुतेक रिमोट ब्लूटूथवर बोलतात, काही थेट स्टिकशीच वायफाय डायरेक्टने. दोन्हींत घरातला राउटर मधे येतच नाही. इंटरनेट बंद असलं तरी रिमोटने पडद्यावर इकडेतिकडे फिरता आलं पाहिजे. म्हणजे राउटर बदलल्याने रिमोट बंद पडला नव्हता.

राउटरने दुसरीकडेच अडकवलं होतं. रिमोटऐवजी फोनमधलं ॲप वापरता येतं, ते मी घेतलं. पण ॲपला स्टिक दिसायची तर फोन आणि स्टिक एकाच वायफायवर हवेत. स्टिक जुन्या वायफायच्या शोधात बसलेली. तिला नवा पासवर्ड द्यायचा तर रिमोट हवा. रिमोट चालत नाही म्हणून ॲप हवं. ॲपसाठी वायफाय हवं. या चक्राचं टोक सापडेना तेव्हा माझा धीर खरोखर सुटला होता.

दुपारी कंपनीच्या ग्राहक सेवेच्या चॅटवर गेले. पन्नास मिनिटं थांबल्यावर माणूस आला. त्याने विचारलेलं आधीच हाताशी ठेवा, म्हणजे तुमचा वेळ वाचेल: स्टिकचा सिरियल नंबर (तो स्टिकच्या पाठीवर इतक्या बारीक अक्षरात असतो की फोनने फोटो काढून मोठा करून वाचावा लागतो), खरेदीची तारीख, बिलाची प्रत, आणि स्टिकला वीज कुठून दिली आहे. हा शेवटचा प्रश्न चांगला होता. माझी स्टिक टीव्हीच्याच यूएसबी पोर्टवर चालत होती. साध्या यूएसबी २.० पोर्टची हमी ५०० मिलिअँपिअरची, आणि स्टिकसोबत आलेला ॲडॅप्टर १ अँपिअरचा. अपुऱ्या विजेवर स्टिक चालल्यासारखी दिसते पण मधेच अडखळते किंवा पुन्हा सुरू होते. त्या दिवसापासून तिला भिंतीतल्या सॉकेटमधून वीज दिली.

मग त्याने सुचवलं, स्टिक फॅक्टरी रीसेट करा. मी विचारलं, "रीसेट केल्यावर पहिली मांडणी कशाने करायची? त्यालाही रिमोट लागेल ना?" उत्तर आलं: "हो, रिमोटने." हे वाचून मी हात मागे घेतला. रीसेट केलं असतं तर साठवलेलं सगळं पुसलं गेलं असतं, आणि भाषा निवडण्याच्या पहिल्याच पडद्यावर आम्ही अडकून पडलो असतो. पर्यायी नियंत्रण हातात आल्याशिवाय फॅक्टरी रीसेट करू नका, हे मी कळकळीने सांगते. त्याने तक्रार क्रमांक दिला आणि वॉरंटीचं उत्तर मेलवर तीन कामकाजाच्या दिवसांत येईल असं सांगून चॅट बंद केलं.

गुरुवार, १२ जून. आज सुटका झाली. आधी टीव्हीचाच रिमोट वापरता येतो का पाहिलं. एचडीएमआयच्या वायरीतून टीव्हीच्या रिमोटचे इशारे जोडलेल्या उपकरणाला पोचवण्याची सोय असते, तिला सीईसी म्हणतात. प्रत्येक कंपनीने तिला आपलं नाव दिलंय: सॅमसंगच्या टीव्हीत ॲनिनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक, पॅनासोनिकमध्ये व्हिएरा लिंक, फिलिप्समध्ये ईझीलिंक. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती चालू असेल तर टीव्हीच्या रिमोटचे बाण आणि ओके बटण स्टिकवरही चालतात. माझ्या टीव्हीत ती सोय चालू केली, पण स्टिकच्या बाजूनेही ती चालू असावी लागते आणि तिथे मी कधीतरी बंद करून ठेवलेली. इथेही रस्ता बंद.

मग डोक्यात आलं, स्टिकला जुनं वायफाय हवंय ना, तर तिला जुनं वायफायच देऊ. माझ्या फोनच्या हॉटस्पॉटला जुन्या राउटरचं नाव दिलं, अगदी तेच, लहान-मोठी अक्षरं आणि मधली रेघ धरून. पासवर्डही तोच. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवला, कारण जुनी स्टिक ५ गिगाहर्ट्झ ओळखेलच असं नाही (वायफायच्या लहरींचे हे दोन पट्टे). आईचा फोन त्याच हॉटस्पॉटला जोडला आणि त्यात ॲप घेतलं. स्टिकची वीज बंद करून चालू केली. दीड-दोन मिनिटं आम्ही दोघी पडद्याकडे बघत होतो. मग आईच्या फोनवर स्टिकचं नाव उमटलं, आणि टीव्हीवर चार आकडे आले, ते फोनमध्ये टाकले, आणि आईने फोनवर बोट फिरवलं तशी पडद्यावरची चौकट सरकली. आईने माझा हात घट्ट धरला.

ही युक्ती करायला दोन फोन लागतात, एक हॉटस्पॉटला आणि एक ॲपला. मोबाइल डेटा खर्च होतो, पण काम पाच मिनिटांचं. ॲप चालू होताच मी आधी सीईसी चालू केली आणि मग स्टिक नव्या वायफायला जोडली. तुमच्याकडे पाहुण्यांसाठीचं वेगळं गेस्ट वायफाय असेल तर त्यावर हे ॲप बहुतेक चालत नाही, कारण तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. एवढं झाल्यावर आईच्या दुपारची सोय झाली होती. टीव्हीचा रिमोट तिच्या सवयीचा, त्याच्या बाणांनी ती मालिका लावू शकत होती.

आता घाई नव्हती, म्हणून रात्री रिमोट शांतपणे तपासला. फोनचा पुढचा कॅमेरा चालू केला आणि रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरून आवाजाचं बटण दाबलं. कॅमेऱ्यात जांभळट पांढरा ठिपका लुकलुकला. स्टिकच्या अनेक रिमोटमध्ये आवाज आणि टीव्ही चालू-बंद ही बटणं इन्फ्रारेडवर असतात आणि बाकीची ब्लूटूथवर. रिमोटचं इन्फ्रारेड साधारण ९४० नॅनोमीटरचं, ते डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याच्या सेन्सरला दिसतं. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा ते गाळणारी काच असते, म्हणून पुढचा वापरायचा. ठिपका दिसला याचा अर्थ सेल ठीक, आतली सर्किटची पट्टी जिवंत. बिघाड होता तो ब्लूटूथच्या जोडणीत. दोन मिनिटांची ही तपासणी मी मंगळवारी रात्रीच करायला हवी होती. रिमोट बोलत नाहीये की स्टिकला ऐकू येत नाहीये, हे आधी कळलं की पुढचं सगळं सोपं होतं.

शुक्रवारी काही केलं नाही, ऑफिसातून यायलाच दहा वाजले.

शनिवार, १४ जून. पुन्हा पेअरिंग केलं, म्हणजे रिमोट आणि स्टिकची जोडणी नव्याने लावली. प्रत्येक बनावटीची रीत वेगळी. फायर टीव्हीच्या रिमोटवर होम बटण १० सेकंद दाबून धरायचं. रोकूच्या पेअरिंगवाल्या रिमोटमध्ये सेलच्या झाकणाखाली एक छोटं बटण असतं, दिवा लुकलुकेपर्यंत ते दाबायचं. गूगल टीव्हीवाल्या क्रोमकास्टला होम आणि बॅक एकत्र. ॲपल टीव्हीच्या नव्या रिमोटला बॅक आणि आवाज वाढवायचं बटण ५ सेकंद. माझी स्टिक यांपैकी कुठलीच नव्हे, पण तिचीही रीत होम दाबून धरण्याचीच. फोनच्या ॲपने सेटिंगमध्ये जाऊन जुन्या रिमोटची नोंद काढली, नवा रिमोट जोडा म्हटलं, रिमोट स्टिकपासून हातभर अंतरावर धरला. वीस सेकंदांत जोडला गेला. जुनी नोंद काढण्याआधी फोन किंवा टीव्हीचा रिमोट चालतोय याची खात्री मात्र करून घ्या.

सोमवारी, १६ तारखेला कंपनीचा मेल आला. खरेदीला चौदा महिने झाल्यामुळे वॉरंटी संपली आहे, नवीन रिमोट विकत घ्यावा. तोवर रिमोट चालू झालेला होता, त्यामुळे तो मेल वाचून मला फारसं वाईट वाटलं नाही.

मंगळवार, १७ जून. पुन्हा तेच! पडदा आपोआप होमवर, मग रिमोट बंद, दिवा लुकलुकतोय. ठीक झालं म्हणून आईला सांगून बसले होते, आणि आता पुन्हा पहिल्यापासून. त्या रात्री नवीन रिमोट मागवायच्या पानावर मी जाऊन आले. थांबले ते फक्त एका गोष्टीमुळे. स्टिकच्या सेटिंगमध्ये रिमोटच्या सेलची स्थिती दिसते, तिथे लिहिलं होतं: कमी. आठवड्यापूर्वीचे नवे सेल! रिमोटचे सेल महिनोन्‌महिने जातात. मल्टिमीटरने मोजले, दोन्ही सेल १.१ व्होल्टच्या आसपास; नवा अल्कलाइन सेल दीड व्होल्टच्या वर भरतो. (रिचार्जेबल सेल मुळातच १.२ व्होल्टचे, त्यांच्यावरून असा अंदाज करता येत नाही.)

आधी मला टीव्हीच्या मागची हार्ड डिस्क आठवली. यूएसबी ३.० च्या उपकरणांचा २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना त्रास होतो, इंटेलने २०१२ मध्येच त्यावर सविस्तर लिहिलंय, आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात चालतं. डिस्क दूर ठेवली, स्टिकसोबत आलेली एचडीएमआयची छोटी वायर लावून स्टिक टीव्हीच्या आडून बाहेर काढली. तुमचा रिमोट चालतो पण अडखळत चालतो, असं असेल तर हे जरूर करून पाहा. माझ्याकडे ते कारण नव्हतं. लहरींच्या अडथळ्याने सेल आठवड्यात संपत नाहीत. रिमोट न झोपता सतत काहीतरी पाठवत राहिला तरच ते संपतात. पडदा होमवर उडी मारतो, होम दाबून धरल्यावर पेअरिंगचा दिवा लुकलुकतो, पेअरिंगमध्ये गेला की जुनी जोडणी सुटते. सगळं एकाच बटणाकडे बोट दाखवत होतं. होम बटण आत दाबलेलंच राहत होतं.

अंगठा फिरवून एकेक बटण हळूच दाबलं. प्रत्येक बटण दबताना बोटाला बारीकसा टक्‌ जाणवतो आणि ते उसळून वर येतं. होमला तो टक्‌ नव्हता. चिखलात पाय रुतावा तसं ते दबायचं आणि सावकाश वर यायचं.

बुधवारी सकाळी आईला विचारलं, "यावर काही सांडलं होतं का गं?" ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "खोकल्याचं औषध. चमच्यातून. मी लगेच पुसलं होतं." कधी? राउटर बदलला त्याच्या दोन दिवस आधी. "तू आधीच माझ्यामागे दमतेस, वर हे कुठे सांगू," म्हणाली. इतके दिवस मी चॅटवाल्याला, फोनला, मल्टिमीटरला विचारत होते, आणि दिवसभर रिमोट ज्या हातात असतो त्या आईला एकदाही विचारलं नव्हतं. मला फार लागलं ते. मी तिच्याजवळ बसले आणि आम्ही त्यावर आणखी काही बोललो नाही.

शनिवार, २१ जून. रिमोट उघडला. सेल काढून ठेवले. झाकणाखाली एक बारीक स्क्रू होता; काही रिमोटना तोही नसतो, नुसत्या खाचा असतात. जुनं प्लॅस्टिकचं कार्ड फटीत सरकवून कडेकडेने फिरवलं. धातूचं पातं वापरू नका, कडा चिरतात. काही रिमोट गोंदाने चिकटवलेले असतात, तसा असेल आणि वॉरंटी बाकी असेल तर उघडू नका.

आत सर्किटची एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर रबराची चटई. चटईच्या खालच्या बाजूला प्रत्येक बटणामागे काळा गोल ठिपका, कार्बनचा. बटण दाबलं की हा ठिपका पट्टीवरच्या दोन रेघांना टेकतो आणि त्या जोडल्या जातात. होमच्या ठिपक्याभोवती पिवळसर, काचेसारखी चकचकीत कड तयार झाली होती. वरून पुसलेलं औषध बटणाच्या फटीतून खाली उतरून वाळलं होतं. आई दिवसभर बटणं दाबायची तेव्हा ठिपका तिथे चिकटून बसायचा, रात्रभर पडून राहिलं की सुटायचा.

एक गोष्ट इथे नीट लक्षात ठेवा. इलेक्ट्रॉनिक वस्तू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात, हे बरोबर. पण सिरपमधली साखर अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही, ती पाण्यातच विरघळते. मी आधी नुसतं अल्कोहोल फिरवलं तर चिकटपणा पसरला फक्त. मग रबराची चटई कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुतली. काळे ठिपके घासले नाहीत, कार्बनचा थर निघून येतो. हिरव्या पट्टीवर कापसाची काडी डिस्टिल्ड पाण्यात बुडवून, पिळून, जवळजवळ कोरडी करून फिरवली, चार काड्या पिवळ्या निघाल्या. शेवटी ९९ टक्के अल्कोहोलची काडी, म्हणजे राहिलेलं पाणी उडून जावं. सगळं सुटं करून चोवीस तास कापडावर ठेवलं. केस वाळवायचं यंत्र वापरायचा मोह झाला होता, पण गरम हवेने प्लॅस्टिक वाकडं होतं.

खर्च विचाराल तर चार सेल, अल्कोहोलची लहान बाटली आणि डिस्टिल्ड पाणी. नवीन रिमोटच्या मानाने काहीच नाही. पण दिवस मात्र गेले.

रविवार, २२ जून. संध्याकाळी जोडला. नवे सेल, पेअरिंग पुन्हा एकदा, आणि दिवा तीनदा लुकलुकून शांत झाला. होम दाबलं, टक्‌ झालं. रिमोट आईच्या हातात दिला. तिने आधी सगळी बटणं एकेकदा दाबून पाहिली, मग मालिका लावली, मंगळवारी जिथे तुटली होती तिथूनच. औषधाची बाटली आणि चमचा आता खिडकीजवळच्या टेबलावर असतो, आईनेच हलवलाय. आज १३ जुलै, आणि सेटिंगमध्ये सेलची स्थिती अजून 'चांगली' दाखवतेय.